उलट, उलटा आणि विरुद्ध : एका शब्दकुळाची चौकशी

(तृतीय वर्ष कला, मराठी)

माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेत गेल्या वर्षी चाचणीला 'विरुद्धार्थी शब्द लिहा' असा प्रश्न होता. 'सासू' या शब्दापुढे तिने 'सून' असे लिहिले. उत्तर चूक ठरले. गुरुजींना 'सासरा' हवा होता. घरी आली तेव्हा ती रडत नव्हती, वाद घालत होती. "सासरा सासूच्या उलट कसा? तो तर तिच्याच बाजूचा असतो," हे तिचे म्हणणे. आजी चुलीपुढे बसली होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि निकाल देऊन टाकला, "पोरीचं बराबर हाय."

आजीच्या निकालावर अपील चालत नाही. तरी मराठी विषयाचा विद्यार्थी म्हणून मला या तंट्यात लक्ष घालावेसे वाटले. गुरुजींनी दोन प्रश्नांची गल्लत केली होती हे उघड आहे. सासू-सासरा, वाघ-वाघीण, कवी-कवयित्री ही 'लिंग बदला' या प्रश्नाची जोडी होय. तिथे नुसते लिंग बदलते, नाते तेच राहते. बहिणीने मात्र नात्याचे दुसरे टोक शोधले. एक सासू आहे म्हणजे कुणीतरी सून किंवा जावई असलाच पाहिजे. देणे असेल तर घेणे असलेच पाहिजे. सावकार म्हटला की कुळ आले, गुरू म्हटला की शिष्य आला. असे शब्द एकमेकांच्या आधारावर उभे असतात. एक काढला की दुसरा पडतो.

विरुद्धार्थी म्हणून आपण जे सरसकट एका रकान्यात भरतो त्यात निदान तीन-चार जातींचे शब्द असतात. जॉन लायन्स या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने 'सिमँटिक्स' या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांची फोड केलेली आहे. आपल्या उदाहरणांनी ती सहज समजते. गरम आणि गार यांच्यामध्ये कोमट बसते. शिवाय 'फार गरम', 'थोडे गार' असे मोजमाप करता येते. जिवंत आणि मेलेला यांच्यामध्ये मात्र कुणी बसत नाही. 'थोडा मेलेला' असे आपण थट्टेत म्हणतो तेवढेच. चढणे-उतरणे, बांधणे-सोडणे यांत एक क्रिया दुसरीचा माग पुसते. आणि चौथी जात ही सासू-सुनेची. शाळेत या साऱ्यांच्या मधे एकच फुली मारली जाते, आणि मुलांना वाटते की फुलीचा अर्थ सगळीकडे सारखाच आहे.

एक गोष्ट मात्र चारही जातींत समान आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. विरुद्ध असायला आधी बरेचसे सारखे असावे लागते. 'दगड' आणि 'मंगळवार' हे एकमेकांचे विरुद्धार्थी होत नाहीत, कारण त्यांच्यात काहीच समान नाही. सासू आणि सून दोघी बायका, दोघी लग्न होऊन त्याच घरात आलेल्या, दोघींचा हात एकाच चुलीवर. फरक एकाच जागी आहे, आणि तो एकच असल्यामुळे तो डोळ्यांत भरतो.

आता मुख्य शब्दाकडे येतो. मराठीत विरोध दाखविणाऱ्या शब्दांचे मोठे कुळ आहे आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पोटात एक चित्र आहे. 'विरुद्ध' हा संस्कृत शब्द 'रुध्' म्हणजे अडविणे या धातूपासून आला; त्यात वाट अडवून उभा राहिलेला माणूस दिसतो. 'प्रतिकूल' या शब्दात 'कूल' म्हणजे नदीचा काठ आहे. काठाकाठाने जाते ते अनुकूल. 'प्रतिलोम' या शब्दात अंगावरचा केस आहे. म्हशीच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर तो अनुलोम, शेपटीकडून मानेकडे फिरवला तर प्रतिलोम, आणि तसा फिरवला की म्हैस अंग चोरते. 'विपरीत' या शब्दात 'इ' म्हणजे जाणे हा धातू आहे. भलतीकडे गेलेले ते विपरीत. 'उलट' हा शब्द हिंदी, पंजाबी, गुजराती या भगिनी भाषांतही थोड्या फरकाने आहे, आणि त्याचे चित्र सर्वांत घरगुती आहे. वरचे खाली, खालचे वर. तव्यावरची भाकरी.

आजी मात्र 'उलट' क्वचितच म्हणते. तिचा शब्द 'उरफाटा'. पुस्तकांत पुष्कळदा 'उफराटा' असे रूप आढळते. एकात 'र' आधी, दुसऱ्यात 'फ' आधी. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. ज्या शब्दाचा अर्थच उलटापालट, त्याच्या पोटातली अक्षरेही उलटीपालटी व्हावीत, हा योगायोग असला तरी मोठा मौजेचा आहे.

आमच्या भागात आणखी एक शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे, 'खिलाफ'. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि कचेरीची व न्यायालयाची भाषा उर्दू होती. "त्यानं माझ्या खिलाफ साक्ष दिली," असे म्हातारी माणसे अजून म्हणतात. पण सदरा कधी कुणी 'खिलाफ' घालत नाही. तो उलटाच घालतात. म्हणजे खिलाफ हा 'विरुद्ध' या शब्दाच्या शेजारी येऊन बसला, 'उलट' या शब्दाची जागा त्याने घेतली नाही. (आमच्या गावाच्या नावातही असाच शेजार आहे. वडगावे मराठी मुलखात गल्लोगल्ली. त्यांतून आमचे वेगळे ओळखू यावे म्हणून पुढे 'युसूफ' लागते. एक शब्द तिकडचा, एक इकडचा, आणि दोघांत काही वाद नाही.)

'उलट' आणि 'उलटा' हे एकच शब्द आहेत असे वाटते, पण बारकाईने पाहिले तर तसे नाही. 'उलटा' हा विकारी आहे: उलटा सदरा, उलटी टोपली, उलटे पुस्तक. 'उलट' हा बदलत नाही: उलट दिशा, उलट क्रम, उलट उत्तर. जे डोळ्यांना दिसते, हाताने सरळ करता येते, तिथे आपण 'उलटा' वापरतो. जिथे चाल किंवा दिशा मनाने ओळखायची असते तिथे 'उलट' येते. 'उलट फोटो' कुणी म्हणणार नाही. भिंतीवर टांगला असेल तर तो 'उलटा फोटो'. आणि 'उलटे उत्तर' म्हणजे गणितात भागाकाराऐवजी गुणाकार करून काढलेले उत्तर, तर 'उलट उत्तर' म्हणजे अगदी निराळी गोष्ट. तिच्याकडे पुढे येणारच आहे.

'सुलट' या शब्दाची स्थिती तर करुण आहे. तो 'उलट' याच साच्यावरून घडलेला दिसतो आणि जोडीदारावाचून त्याला करमत नाही. उलटसुलट चर्चा, उलटसुलट बातम्या. विणकाम करणाऱ्या भगिनी 'एक सुलट, एक उलट' असे टाके मोजतात, तेवढे त्याचे स्वतंत्र राज्य. एरवी उलटाच्या विरुद्ध काय, तर 'सरळ'. सामान्यतः भाषेत आधी चांगला शब्द असतो आणि त्याला काहीतरी चिकटवून वाईट शब्द बनतो: सोय-गैरसोय, यश-अपयश. इथे प्रकार उरफाटा. आधी उलट झाले, मग सुलट आले.

उताणा, पालथा, उपडा हे शब्दही जवळचेच, पण ते विशिष्ट वस्तूंना बांधलेले आहेत. माणूस उताणा किंवा पालथा पडतो. टोपली उपडी घालतात. घडा पालथा असतो आणि त्यावर कितीही पाणी ओतले तरी व्यर्थ, हे वर्गात आम्ही सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. 'पालट' मात्र वेगळा. हवापालट, खांदेपालट यांत बदल आहे, उलटेपणा नाही. ट्रॅक्टरमागचा 'पलटी नांगर' खालची माती वर आणतो. तिथे पुन्हा उलट आणि पालट एक होतात.

'च्या विरुद्ध' आणि 'च्या उलट' यांची अदलाबदल वर्तमानपत्रांत सर्रास होते, म्हणून येथे थोडे थांबतो. 'थोरला भाऊ धाकट्याच्या विरुद्ध आहे' आणि 'थोरला भाऊ धाकट्याच्या उलट आहे' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यात बांधाचे भांडण आहे, कदाचित तालुक्याला दावा चालू आहे. दुसऱ्या वाक्यात भांडण अजिबात नाही. थोरला बोलका असेल, धाकटा घुमा असेल, आणि दोघे एका ताटात जेवत असतील. 'विरुद्ध' या शब्दाला टक्कर लागते, 'उलट' या शब्दाला नुसती दिशा पुरते. 'विरुद्धार्थी शब्द' ही संज्ञाच या दृष्टीने थोडी अन्यायाची आहे. दिवस रात्रीला अडवीत नाही, आणि गारवा उन्हाशी दावा मांडीत नाही. हिंदीत 'विलोम शब्द' म्हणतात. त्यात निदान म्हशीच्या पाठीवरचा केस आहे, भांडण नाही.

आता गंमत पाहा. गावातल्या निवडणुकीत जो उघडपणे समोरच्या गटातून उभा राहतो त्याला 'विरोधात गेला' म्हणतात, आणि त्याच्याबरोबर पारावर चहाही होतो. जो कालपर्यंत आपल्याबरोबर होता आणि मतदानाच्या आदल्या रात्री तिकडे गेला, तो 'उलटला'. त्याला चहा नाही. म्हणजे नावात टक्कर असलेला 'विरोध' हा सभ्य ठरतो आणि नावात नुसती दिशा असलेले 'उलटणे' हे द्रोह ठरते. संसदेतील विरोधी पक्षनेत्यासाठी १९७७ साली वेतन व भत्त्यांचा स्वतंत्र कायदा झाला; विरोध करण्याला राज्यानेच पदाचा मान दिला. उलटणाऱ्यासाठी असा कायदा कुणी केलेला नाही. त्याच्यासाठी १९८५ साली पक्षांतरबंदी आली. पुढाऱ्यांना माणसे बदलायची असतात तेव्हा ते 'भाकरी फिरवली पाहिजे' असे म्हणतात, 'उलटली पाहिजे' असे म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत, हे आता वेगळे सांगायला नको.

क्रियापद म्हणून 'उलटणे' मात्र नेहमी इतके कडू नसते. पान उलटते, बैलगाडी उलटते, डाव उलटतो. 'साठी उलटली', 'तारीख उलटून गेली' यांत तर विरोधाचा मागमूस नाही; काही ओलांडून पलीकडे जाणे एवढाच अर्थ आहे. जुन्या पत्रांत 'उलट टपाली उत्तर धाडावे' असे असे. ज्या वाटेने पत्र आले त्याच वाटेने उत्तर परत यावे, इतकीच अपेक्षा. आणि ओकारीला आपण 'उलटी' म्हणतो ते तर चक्क सभ्यतेपोटी. 'उलथणे' हे याचेच भावंड, पण त्याच्या अंगात जोर जास्त. पहारीने दगड उलथतात, लोक सत्ता उलथवतात, आणि स्वयंपाकघरात उलथन्याने पोळी उलटतात. राज्यक्रांतीचे आणि पोळीचे हत्यार एकाच धातूतून निघावे, हे मराठी संसाराला शोभणारेच आहे.

वाक्ये जोडणारा 'उलट' हा अभ्यासाला सर्वांत अवघड. शाळेत पाठ केलेल्या न्यूनत्वबोधक अव्ययांत पण, परंतु, परी, किंतु येतात. 'उलट' येत नाही. 'तो आला, पण बोलला नाही' येथे 'पण' पहिल्या वाक्याला धक्का लावीत नाही, त्याची उणीव दाखवतो. 'तो रागावला नाही; उलट हसला' येथे 'उलट' ऐकणाऱ्याच्या मनातली अपेक्षा पकडतो आणि तिला पालथी घालतो. म्हणून त्याच्या मागे बहुधा नकार असतो, किंवा न बोललेली अपेक्षा असते. 'पाऊस पडला, उलट पीक आले' हे वाक्य कानाला खटकते. 'पाऊस पडला, पीक सुधारायचे सोडून उलट नासले' हे चालते, आणि आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आल्यावर ते बोलावेही लागते.

उलटेपणा उभ्या राहण्याच्या जागेवर अवलंबून असतो, हे मला पुस्तकाने नव्हे, मांजरा नदीने शिकवले. आमच्या केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. आपण या काठावर असलो की हा ऐलतीर आणि तो पैलतीर. तिकडच्या माणसाला विचारा, तो नेमके उलट सांगेल, आणि दोघेही खरेच बोलतील. पण एक तिसरी गोष्ट आहे. नदी कोणत्या दिशेला वाहते ते दोघांना मिळून एकच सांगावे लागते. 'प्रवाहाच्या उलट' हे ऐल-पैलासारखे नाही. ते आपल्या जागेवर ठरत नाही, प्रवाहावर ठरते. तेव्हा काही उलटेपणा पाहणाऱ्याचा असतो आणि काही वाहणाऱ्याचा. बोलण्यातला प्रवाह कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे.

येथे 'उलट उत्तर' या प्रयोगाकडे वळतो. त्यासाठी घरची एक हकीकत सांगणे भाग आहे.

आमच्या जिल्ह्यातून दर साली दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. जाण्याआधी मुकादमाकडून रक्कम घेतात, तिला 'उचल' म्हणतात, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडतात. माझे आईवडील पुष्कळ वर्षे असे गेले. मी सातवीत असताना, हंगाम संपवून टोळी परत आली तेव्हा, वडिलांबरोबर मुकादमाच्या ओट्यावर गेलो होतो. वडील खाली उभे होते. त्यांनी विचारले, "मुकादम, गेल्या सालचे किती फिटले, तेवढं सांगा." एवढेच. आवाज चढवला नव्हता. मुकादम म्हणाला, "लै उलटं बोलायलास की रं." वडील गप्प झाले. आम्ही परत आलो. किती फिटले ते त्या दिवशी कळले नाही.

त्या वाक्याचे व्याकरण मी आता लावू शकतो. वडिलांचा प्रश्न 'सरळ' होता. त्याच्यापेक्षा सरळ प्रश्न मराठीत करता येणार नाही. त्यात 'नाही' नव्हते, 'पण' नव्हता. मग तो उलट कसा झाला? तर बोलणे ओट्यावरून खाली वाहते असे तिथे ठरलेले होते, आणि हा प्रश्न खालून वर गेला. शब्दाचा अर्थ विधानात नव्हता, उंचीत होता. आपण आपापल्या कानांवर विसंबून तपासून पाहावे. सून सासूला उलट बोलते. सासू सुनेला कधी उलट बोलत नाही, ती नुसती बोलते. गडी मालकाला उलट उत्तर देतो. मालक गड्याला उत्तर देतो, शिवी देतो, समज देतो. उलट उत्तर देत नाही. विद्यार्थी गुरुजींना उलट प्रश्न विचारतो. गुरुजी विद्यार्थ्याला प्रश्नच विचारतात. मी वर्गातल्या मित्रांना, शेजारच्या बायकांना आणि एस.टी.त शेजारी बसलेल्या दोघांना विचारले. याच्या विरुद्ध जाणारे एकही उदाहरण कुणाला सुचले नाही. म्हणजे माझी बहीण म्हणाली ते बरोबरच होते. सासू आणि सून यांच्यामधली ती एक जागा कोणती, ते या क्रियापदावरून कळते.

भाषेत एकच ठिकाण असे सापडले की जिथे उलट बोलणे हा हक्क आहे. ते म्हणजे न्यायालय. साक्षीदाराला ज्या पक्षाने बोलावले तो आधी प्रश्न विचारतो, ती सरतपासणी. नंतर समोरचा पक्ष विचारतो, ती उलटतपासणी. मग पहिल्याला पुन्हा संधी, ती फेरतपासणी. हा क्रम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात १३८ व्या कलमात घालून दिलेला होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो तसाच ठेवला आहे. सरतपासणीत साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारे सूचक प्रश्न विचारण्याला आडकाठी आहे. उलटतपासणीत ते विचारता येतात. म्हणजे उलट विचारणाऱ्याला कायद्याने थोडी अधिकच मोकळीक दिली. इंग्रजीत या तपासणीच्या नावात 'आडवी' हा भाव आहे, उर्दूत तिला 'जिरह' म्हणतात. मराठीने तिला 'उलट' म्हणावे याचे मला फार वाटते. जो शब्द ओट्याखाली उभ्या असलेल्या माणसाला गप्प करण्यासाठी वापरला जातो, तोच साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुढे आला की सभ्य होतो. तिथे "उलट बोलतोस?" असे म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नाही, कारण कामकाजाच्या कागदावर तो शब्द आधीच लिहिलेला असतो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली. 'उलट' या मुळापासून निघालेल्या शब्दांची रांगच त्यात आहे. ती वाचताना वाटले, की कोशात अर्थ असतो, पण कोण कुणाला तो शब्द म्हणू शकतो हे नसते. ते गावात विचारत हिंडल्याशिवाय मिळत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी वडिलांना वाचून दाखवला. मुकादमाचा भाग आला तेव्हा त्यांनी थांबवले आणि एक दुरुस्ती सुचवली. "मी 'किती फिटले' असं नव्हतो म्हणालो," ते म्हणाले. "'किती ऱ्हायले' असं म्हणालो होतो." फिटणे आणि राहणे. हीही एक जोडीच, आणि ती कोणत्या जातीत घालावी हे माझे अजून ठरलेले नाही.